चार्ज देताना

इनेस, ही किल्ली औषधांच्या कपाटाची.
ही फ्रीजची; वीज गेली की आधी लसी बघ.
डावा खण ओढताना थोडा उचलावा लागतो,
आत एक जुना केसपेपर आहे,
तेवढा रद्दीत देऊ नकोस.

सगुण गावस, वय एक्कावन्न, राहणार वेळगे.
आमोण्याच्या धक्क्यावरून बार्जी न्यायचा,
खाणी बंद पडल्या तसा घरी बसला.
"दोतोर, आंगात बळ ना," म्हणाला.
मी पापणी ओढून बघितली न बघितल्यासारखी
आणि लिहिल्या लाल गोळ्या, तीस.
पुढच्या महिन्यात पुन्हा तीस.
अक्षर माझंच आहे, तारखा वाच:
दीड वर्ष.

मधल्या काळात साखर वाढली, तिचा कागद वेगळा केला.
बोटं दुखतात म्हणाला,
मी दोरखंडांना दोष दिला.
रंग काळवंडला, तो उन्हाने.
त्याची बायको दाराशी घुटमळली, तिला काही सांगायचं होतं,
बाहेर बाकावर चाळीस माणसं होती.
एका माणसाचा एक आजार
मी चार वेगळ्या दिवशी
चार तुकड्यांत तपासला.

मग एका बुधवारी निघताना त्याने हात पुढे केला,
मुलीचं लग्न ठरलं होतं बहुतेक.
मी हात दाबला आणि तो कळवळला.
तर्जनी आणि मधलं बोट, मुळाशी,
नेमकं तिथेच.
वर्गात डुलक्या घेताना कानावरून गेलेलं एक वाक्य
बावीस वर्षांनी जागं झालं.

फेरिटिन अठराशे चाळीस.
पण एवढ्यावर विसंबू नकोस, ते तापानेही चढतं, फेणीनेही.
सकाळी उपाशीपोटी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन मागव.
त्याचं अठ्ठ्याहत्तर टक्के आलं.
टेबलावर लाल गोळ्यांचा डबा उघडाच होता,
मी त्यावर रजिस्टर ठेवलं.

"म्हणजे खाणीची धूळ?"
नाही रे, धुळीचा यात हात नाही.
हे आईबापांकडून आलेलं.
आतडं जेवणातलं लोखंड घेतच राहतं,
आणि ते बाहेर टाकायला शरीराला दार नाही.
तो हसला. "भायली खाण बंद, आनी भितरली..."
वाक्य त्याने पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

उपचार ऐकून तुला हसू येईल: रक्त काढायचं.
आठवड्याला एक पिशवी, बांबोळीला,
दर वेळी हिमोग्लोबिन बघून,
फेरिटिन पन्नासच्या आसपास उतरेपर्यंत.
मग वर्षातून तीन-चारदा, जन्मभर.
फेणी बंद, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद.
कालवं शिजवूनच, कच्ची कधी नाही.
तांबडी भाजी खाऊ दे,
माणसाला जेवायला नको का.

थकवा गेला त्याचा. साखर गेली नाही.
बोटं अजून दुखतात,
ती दीड वर्षं मी त्याला परत देऊ शकत नाही.

भावंडांना बोलावलं. फटूचं सगळं ठीक.
शेवंतीला काहीच होत नव्हतं,
नाचणीची पोती उचलून आली होती,
सॅच्युरेशन सत्तर.
तिला वेळेत गाठलं. हे एक.

गुरुवारी कृपा येईल, आठ वर्षांची, थॅलेसेमियाची.
तिच्यातलं लोखंड दात्यांचं, चढवलेल्या रक्तातून साचलेलं.
तिचं रक्त काढायचं नसतं,
गोळी पाण्यात विरघळवून पाजायची.
ती तोंड वाकडं करते. तूही कर.

लाल गोळ्यांचा राग मात्र धरू नकोस.
बाकावरच्या कितीतरी जणींना त्या हव्यातच.
फक्त लिहिण्याआधी
थकव्याला एकदा विचार, तू कोणाचा.

शिक्का उजव्या खणात आहे, शाई वाळलेली असेल.
सोमवारी सगुण येतो.
हात पुढे करील.
फार दाबू नकोस.